ठमीसाठी जोडीदार

पिंजऱ्याखालचा ट्रे इतका लख्ख होता की मास्तरीणबाईंना तिथेच पहिली शंका आली.

"आम्ही येणार म्हणून धुतलात वाटतं?"

"रोजच धुतो," रंगारी म्हणाला. त्याच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता. पिंजऱ्यातला हिरवा लव्हबर्ड दांडीवर ऐटीत इकडून तिकडे सरकत होता. तीन वर्षांचा, माणसाळलेला. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं आणि खाली, 'चांगल्या घरी फुकट.'

फुकट! पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंचा या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता.

"एवढा गुणी आहे, तर देताय कशाला?"

"घरातच रंगाचं दुकान काढतोय. रंगाचा वास या जिवांना सोसत नाही हो. तडकाफडकी मरतात."

उत्तर फार तयार होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि पक्ष्याचे डोळे पाहिले, नाकपुड्या पाहिल्या, नखं पाहिली, शेपटीखालची पिसंसुद्धा पाहिली. काही सापडेना, तशी त्यांची शंका वाढतच गेली.

"अगं, स्थळ बघायला आलोय का झडती घ्यायला?" मागून नवरोबा म्हणाले आणि खोकले.

गरज मात्र खरी होती. घरच्या ठमीचा जोडीदार तीन आठवड्यांपूर्वी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला सापडला. तेव्हापासून ठमी अंग फुलवून कोपऱ्यात बसायची, दाण्याला चोच लावायची नाही. एकटा लव्हबर्ड झुरून मरतो, असं जो तो सांगत होता. पिल्लू आणून भागणार नव्हतं, तिच्या वयाचाच सोबती हवा होता. आणि नवरोबांचा तर ठमीवर जीव. पोस्टमनची नोकरी संपल्यापासून रोज सकाळी तिचा ट्रे खरवडायचा आणि आपल्या ओठांतला दाणा तिला भरवायचा, हीच त्यांची ड्युटी. ठमी गेली तर हा माणूस कोलमडेल, याची बाईंना मनापासून भीती वाटत होती.

"तुमचा पहिला कशानं गेला?" रंगाऱ्यानं विचारलं.

"थंडीनं."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"मला कळतं तेवढं."

रंगाऱ्यानं पिंजरा जरा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "माझी एक अट आहे. दोन्ही पक्ष्यांची तपासणी करायची. रिपोर्ट आल्याशिवाय मी हा देणार नाही. पक्ष्यांचे एक डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे."

रस्त्यावर आल्या आल्या बाईंचा तोल सुटला. "बघितलंत? चोराच्या उलट्या बोंबा! आपल्या ठमीची तपासणी म्हणे! आणि डॉक्टरही त्याचाच. दोघं मिळून रोगट पक्षी गळ्यात मारायला बसलेत."

"तुला सरळ रेघही वाकडीच दिसते," नवरोबा म्हणाले. पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

"मफलर गुंडाळा म्हणून कानीकपाळी ओरडतेय. दोन आठवडे झाले, ऐकाल तर शपथ!"

पण बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी अट मान्य केली. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं आपल्या पक्ष्याच्या विष्ठेची डबी आणून दिली. शेजारी ठमीची डबी, अगदी तशीच.

"नावं घालायची नाहीत," बाईंनी फर्मावलं. "परीक्षेच्या पेपरासारखे नंबर घाला. तपासणाऱ्याला विद्यार्थी कळता कामा नये. मलाही नको, माझं मन उगाच एकीकडे झुकायचं."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नवरोबांनी डब्यांवर एक आणि दोन असे कागद चिकटवले, कुठला कुणाचा ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पाकिटात बंद केली. पाकिटाच्या जोडावर बाईंनी सही ठोकली. डॉक्टर हसले, पण त्यांनी डब्या ठेवून घेतल्या.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. नवरोबा अंगात कणकण आहे म्हणून आत पडून होते.

"बाई, एक नंबर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन नंबरला मात्र संसर्ग आहे, बराच जुना. सोबत दुसरा पक्षी असता तर तोही दगावला असता. आणि नीट ऐका, हा रोग माणसाच्या फुप्फुसात जातो. पिंजरा साफ करणाऱ्याला खोकला, ताप असेल तर आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं. वेळेत गोळ्या मिळाल्या तर बरा होतो. हयगय केली तर अवघड. दोन नंबर कुणाचा आहे?"

"ते मी बघते!" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज विजयानं थरथरत होता. फोन ठेवला आणि लगेच रंगाऱ्याला लावला.

"लाज नाही वाटत? रोगी पक्षी फुकट म्हणून खपवताय? माझ्या घरात मढं पडलं असतं म्हणजे? मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तुम्हाला!"

रंगाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "बाई, पाकीट फोडलंत?"

"फोडते की! तुमच्या कानावरच घालते." बाईंनी फोन हातात धरून आत हाक मारली, "अहो, उठा जरा! ते पाकीट आणा आणि मोठ्यानं वाचा. ऐकू दे त्यांना."

नवरोबा भिंतीला धरत बाहेर आले. पाकीट फोडलं, चष्मा लावला, चिठ्ठी उजेडाकडे धरली.

"एक नंबर, रंगारी," त्यांनी वाचलं, आणि पुढचं वाचायच्या आतच त्यांना खोकल्याची उबळ आली.