पुण्याची बदली

१९८७ साली चंदीगडमध्ये अतिरेक्यांच्या भीतीने अंधार पडायच्या आत सगळे घर गाठत, आणि सेक्टर बावीसमधल्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला कॅनडाला जायचं होतं. मीही पासपोर्टचा अर्ज भरला, तेव्हा बाबा म्हणाले, "जा बाई, तिकडे बर्फ उपसायला माणसं कमी पडतायत."

त्यांच्या ऑफिसातले मराठी लोक एकेक करून बदली घेऊन महाराष्ट्रात परतले. "अहो, आपणही पुण्याला जाऊ या की," आई काकुळतीला येऊन म्हणायची.

"पुण्यात अशी लस्सी मिळते का, शशिकला?" बाबा विचारायचे. मग आई दोन दिवस अबोला धरायची.

अकरा महिन्यांनी पासपोर्ट आला, मी टोरांटोला गेले. पुढे बाबांनाही लस्सीचा कंटाळा आला असावा. ते दोघं पुण्याला आले.

गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांच्या ऑफिसातल्या बक्षी अंकलचा चंदीगडहून फोन आला.



"बेटा, पुण्याच्या बदलीची ऑर्डर त्याने दोनदा परत केली. म्हणायचा, घरचा पत्ता बदलला तर पोरीच्या पासपोर्टची पोलीस चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल."