कोयता आणि खोबरेल

लेकीचे सासरे ओटीवर बसले होते, पिकल्या फणसाचा वास घरभर सुटला होता, आणि द्वारकाबाईंना कोयता कुठे लपवला तेच आठवेना.

तीन वर्षांपूर्वी कानात आवाज येऊ लागले तेव्हा त्यांचा सुहास तोच कोयता घेऊन शेजाऱ्यावर धावला होता. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, दर महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि पोरगा पुन्हा माणसांत आला. कोयता मात्र अज्ञातवासातच राहिला.

“आई, माळा कशाला उपसतेस? कोयता तिथे नाही,” सुहास म्हणाला. न्हाणीघरात जाऊन त्याने चुलीमागून गोणपाटाची गुंडाळी आणली. आत कोयता लखलखत होता.

द्वारकाबाई माळ्यावरून खाली उतरल्या. “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. इंजेक्शन घेऊन आलो की ह्यालाही खोबरेल लावतो. न्हाणीतल्या ओलाव्याने गंजला असता, तर तू मलाच बोलली असतीस.”

द्वारकाबाईंनी कोयत्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि हसू आवरत तेलाची वाटी पुढे सरकवली. “हातांना लाव, नाहीतर चीक सुटायचा नाही. आणि फणस इथे आत कोपऱ्यात कशाला कापायचा? ओटीवर नेऊन काप, व्याह्यांच्या समोर.”