शंभरातले अठ्ठ्याहत्तर

एक्केचाळिसाव्या पानावर सल्लागाराचं बोट थांबलं. 'कारखाना बंद झाल्यावर शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर कामगारांना अठरा महिन्यांत दुसरे काम मिळते, असा अनुभव आहे.' सरकारचे सात कारखाने बंद करायचा प्रस्ताव होता. नऊ हजार घरांचा प्रश्न. चार वाजता अर्थमंत्रीबाईंकडे बैठक होती आणि त्याआधी फाइलवर सही हवी होती ती त्याची.

सरकारात येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधीची वीस वर्षं एका बड्या गुंतवणूक बँकेत कंपन्यांचे सौदे जुळवण्यात गेली. ते सोडून इकडे यायचं ठरलं तेव्हा ताईने खवचटपणे विचारलं होतं, "इतकी वर्षं लोकांचे कारखाने विकलेस. आता सरकारचे विकायला चाललास होय?"

"नाही गं, आता जरा वाचवायला," तो म्हणाला होता. आणि खरोखरच तसं ठरवून आला होता.

त्याने कक्ष अधिकाऱ्यांना बोलावलं. फाइल त्यांनीच तयार केली होती. निवृत्तीला सहा महिने उरलेले, पण अजून कागदाचा कोपरा दुमडलेला खपायचा नाही, असा माणूस.

"हा आकडा कुठून आणलात?"

"समितीच्या अहवालातून, सर."

"आणि समितीने?"

कक्ष अधिकारी दुखावले. बाहेर गेले आणि चार जाडजूड अहवाल छातीशी धरून परत आले. समितीने आकडा घेतला होता विद्यापीठाच्या अभ्यासातून. विद्यापीठाने घेतला एका संशोधन संस्थेकडून. संस्थेने उद्योजकांच्या संघटनेकडून. आणि संघटनेच्या अहवालात, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत एका बँकेचं नाव आणि अकरा वर्षांपूर्वीचं साल होतं.

"बघा सर, चार ठिकाणी आहे," ते म्हणाले. "मी हवेतलं काही लिहीत नाही."

बँक त्याचीच होती. आणि तो आकडा त्याने चक्क ठोकून दिला होता. त्यांच्याकडे रीतच होती तशी. एखादा आकडा हाताशी नसला की अंदाजाने काहीतरी घालायचं आणि त्यावर पिवळा रंग द्यायचा, म्हणजे खरा मिळाला की बदलता येतो. अकरा वर्षांपूर्वी एक कारखाना बंद करायचा अहवाल तो लिहीत होता आणि त्या दुपारी कारखान्याचे मालक बाहेर येऊन बसले होते. ऐंशी लिहिलं तर ठोकळ वाटतं, लोक शंका घेतात. अठ्ठ्याहत्तर लिहिलं की कुणीतरी बसून मोजलंय असं वाटतं. त्याने अठ्ठ्याहत्तर लिहिलं, पिवळा रंग स्वतःच्या हाताने काढला आणि दार उघडलं. खरा आकडा शोधायचा राहिला तो राहिलाच.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तो त्या कारखान्याच्या गावावरून जात होता. सकाळची वेळ. कारखान्याच्या गेटला गंजलेलं कुलूप, आणि गेटसमोर तीस-चाळीस माणसं उभी. इस्त्रीचे कपडे, हातात डबे. पाळीची वेळ झाली की घरी बसवत नाही म्हणून येतात, असं ड्रायव्हर म्हणाला. त्यातला एक जण गाडीपाशी आला, वाकला आणि काचेवर टकटक केलं.

"साहेब, कारखाना बंद करताना सभेत वाचून दाखवलं होतं ना, ते अठरा महिने नक्की कधीपासून मोजायचे असतात?"

टोमणा नव्हता तो. माणूस मनापासून विचारत होता. त्या दिवसापासून त्या माणसाने काही पाठ सोडली नाही. दाढी करताना आरशात, लिफ्टमध्ये, लेकीच्या शाळेतल्या पालकांच्या रांगेत, कुठेही तो डबा घेऊन उभाच. बँक सोडली तरी तो सुटला नाही.

"सर, सही?" कक्ष अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बैठकीनंतर बघू," सल्लागार म्हणाला.

मंत्रीबाई काही दगडाच्या काळजाच्या नव्हत्या. त्यांनी फाइलचं पानन् पान वाचलं होतं. "खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "नऊ हजार घरं म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला होता. पण हे अठ्ठ्याहत्तर वाचलं आणि जिवात जीव आला. याच्याच भरवशावर मी पुढे जातेय."

सही करून मोकळं होता आलं असतं. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, पुढेही विचारलं नसतं. पण शब्द आपसूक बाहेर आले.

"मॅडम, तो आकडा खोटा आहे. मीच बनवलाय तो."

सोबत आलेल्या कक्ष अधिकाऱ्यांनी घाईघाईने चारही अहवाल टेबलावर मांडले. बाईंनी चष्मा काढला.

"मग खरा किती?"

"माहीत नाही. कुणी मोजलंच नाही कधी. माझा तयार मिळाला, सगळ्यांनी तोच उचलला. मी त्या गावात गेलो होतो मॅडम. लोक अजून गेटवर उभे होते."

"किती लोक?"

"तीस. चाळीस असतील."

"नक्की किती?"

तेही त्याने मोजलं नव्हतं. बाईंनी चारही अहवाल एकेक करून आपल्याकडे ओढले, त्या त्या पानावर आकडा तपासला आणि त्याच्याकडे वळल्या.

"इकडे हे चार अहवाल आहेत. तिकडे, 'मी खोटं लिहिलं होतं' असं म्हणणारा एक माणूस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. "तुम्ही माझे सल्लागार. तुम्हीच सांगा, मी कुणावर विश्वास ठेवू?"