चार इंची भिंत

मुलीकडचे पौडचं घर बघायला येणार म्हणून इम्राननं कपाट सरकवून आतल्या खोलीतली बुरशी झाकली. हे कळताच त्याच्या आईच्या, सुलतानाबींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोयरीक मोडली तर मोडू दे, पण त्यांच्या घरानं कधी कुणाला फसवलं नव्हतं. चहा होताच त्यांनी पाहुण्यांना थेट आत नेलं. "इम्रान, कपाट वढ!" पोरगा गोरामोरा झाला. काळी भिंत उघडी पडली, कुबट वास सुटला. "बघून घ्या. भिंत चार इंची बांधली, पावसाळाभर ओली कापडं आतच वाळवली, म्हणून तिला घाम सुटतोय. तुमची अर्शी हितंच ऱ्हाणार." अर्शीची आई भिंतीवरून बोट फिरवत म्हणाली, "मागच्या स्थळानं आमाला नुसता हॉल दावला. साखरपुडा कधी करायचा?" सुलतानाबींनी पदर सावरला. "आदी ही भिंत सुकवते, मग तारीख सांगते."