डाग

"पानी गारच घ्या. रक्ताला ऊन पानी चालत न्हाई," छबूबाई म्हणाली, आणि जीभ चावली. रक्त हा शब्द जावयानं, सहादेवनं, अजून उच्चारलाही नव्हता.

त्यानं टेम्पोतून उतरवलेली ताडपत्री अंगणात पसरली होती. जाड कॅनव्हासची, खाकी. मधोमध परातीएवढा काळपट डाग.

"बोकड कापलं हुतं," तो म्हणाला.

नवरा गेल्यापासून छबूबाई देवळाली प्रवरात हेच काम करत होती. ट्रकांच्या ताडपत्र्या धुवायच्या, वाळवायच्या आणि पाणी धरू नये म्हणून त्यांना पुन्हा मेण चढवायचं. बोकडाचे डाग तिनं पुष्कळ काढले होते. पण त्यासाठी लेकीच्या सासरहून, शेवगावहून, इथवर कुणी येत नाही. घरच्या विहिरीवर धुऊन टाकतात.

"राजेश्वरी कशी हाय?"

"बरी हाय."

"फोन लागत न्हाई तिचा."

"बंद पडलाय."

"मग सुनीलरावांना लावते. तुमचे थोरले भाऊ तरी उचलतील."

"दादा न्हाईत," तो चटकन म्हणाला आणि बादली उचलून नळाकडं गेला.

दिवाळीला लेक माहेरी आली होती ती डोळा सुजवून. जिन्यावरून पडले म्हणाली. सासरच्या पत्र्याच्या घराला जिना नव्हता. तेव्हापासून जावयाचं तोंड पाहिलं की छबूबाईच्या अंगाची लाही व्हायची. पण लेकीच्या संसारापायी ती राग गिळून बसायची.

त्यानं आणलेलं पाणी तिनं डागावर ओतलं आणि ब्रश मारायला घेतला. लाल फेस फरशीवरून वाहू लागला. काठाची दुमड उलगडली तशी हिरव्या बांगडीची काच तिच्या बोटात घुसली. काचेला लांब केस गुंतला होता.

ती सावकाश उठली.

"बोकड बांगड्या घालत हुतं व्हय रं?"

सहादेवचा चेहरा पांढराफटक पडला. "मामी, पाया पडतो, काई इचारू नका. डाग तेवढा काढा. दुसऱ्या कुनाकडं नेता येत न्हाई."

"माझी पोर कुठंय?"

"हाय. सुखरूप हाय."

"कुठं हाय?"

"ते न्हाई सांगता येत. तुमाला ठावं नसलेलंच बरं."

तो ताडपत्री गुंडाळायला खाली वाकला. भिंतीला टेकवलेलं, ताडपत्र्या बडवायचं लाकडी धोपाटणं छबूबाईच्या हातात कधी आलं, तिला कळलं नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. तो कळवळून वळला आणि त्यानं हात आडवा धरला, पण तिच्यावर उगारला नाही.

"मामी, ऐका, तिच्यासाठीच—"

"तिचं नाव घेऊ नगंस, मुडद्या!"

दुसरा घाव कानशिलावर बसला. तो गुडघ्यांवर आला. अंगणातल्या चुलीवर मेणाचं पातेलं रटरटत होतं. तिनं ते पदरानं धरून त्याच्या मानेवर पालथं केलं. त्याची किंकाळी गल्लीभर गेली असती, पण वरून धोपाटणं पडतच राहिलं. दिवाळीचा सुजलेला डोळा, बांगडीची काच, तो केस, सगळं तिच्या हातात उतरलं होतं. थांबली तेव्हा तो ताडपत्रीवर पालथा पडला होता आणि जुन्या डागाशेजारी नवा पसरत होता.

ती धापा टाकत उंबऱ्यावर बसली. हात भाजला होता, ते आता जाणवलं. तिला रडू आलं नाही. लेकीचं देणं फेडलं, एवढंच मनात होतं.

मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी राजी. मावशीच्या शेजारनीच्या फोनवरून बोलते. हे आले का गं तिकडं?"

छबूबाईनं ताडपत्रीकडं पाहिलं.

"आई, थोरल्या भावजींनी आज परत दार लावून घेतलं. दिवाळीला डोळा सुजवला हुता, तसंच. माझ्या हाती कोयता लागला. मीच मारलं त्यांना, आई. ह्यांनी त्यांना ताडपत्रीत गुंडाळून नेलं, माझ्या फुटलेल्या बांगड्यांसकट, आनि मला मावशीकडं लपवलं. म्हनाले, तुजं नाव येऊ देनार न्हाई, इचारलं तर मी केलं म्हनून सांगंन. आई, ऐकतीस ना? त्यांना काई इचारू नगंस. सकाळपासून उपाशी हायेत. दोन घास खाऊ घाल."