पैशाचं सोंग

“इतकं वाकू नका हो. खोटं वाटेल,” ड्रिलच्या बाई म्हणाल्या. शिंपीणबाईंनी पाठ जराशी सरळ केली आणि पुन्हा कण्हल्या. सगळ्या हसल्या.

परवा तपासणीला साहेब यायचे होते. बायकांच्या सकाळच्या व्यायामवर्गासाठी बाईंनी अनुदानाचा अर्ज केला होता. ते मिळालं नाही तर गोदामावरची ही खोली मालक पोती ठेवायला देणार होता. पण कार्यालयातला कारकून फोनवर म्हणाला होता, “तुमच्या बायका ठणठणीत असतील तर पैसे कशाला हवेत?” बाईंनी जन्मभर शाळेत मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं. आता त्या म्हाताऱ्यांना पाय ओढायला शिकवत होत्या.

बाईंची धाकटी बहीण त्या दिवशी आली नव्हती. डोकं दुखतंय, असा तिचा निरोप होता.

“तिला मी सांगते,” शिंपीणबाई म्हणाल्या. “माझ्या वाटेवरच तर राहते.”

सांगितलेलं दिसत होतं. दुसऱ्या सकाळी धाकटी कठडा धरधरून जिना चढली. तिचा डावा पाय लाकडी फरशीवर घासत होता. बाई “डावा, उजवा” म्हणत, तेव्हा तिचा डावा मागून यायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. पाण्याचा पेला तिच्या हातून सुटला आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“बघा, हिच्याकडून शिका!”

बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. लहानपणी शाळा बुडवायला धाकटीने तापाचं असं सोंग घेतलं होतं, की वडील अनवाणी डॉक्टरांकडे धावले होते. डॉक्टर आले तेव्हा ही पांघरुणात साखर खात होती. वडिलांचे ते चिखलाने माखलेले पाय बाईंना अजून दिसत. तेव्हापासून घरात हिचं दुखणं कुणी चटकन खरं मानलं नाही.

“बास कर, नटवे,” बाई म्हणाल्या. “उद्यासाठी थोडं शिल्लक ठेव.”

धाकटीने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी कंबर धरली होती, कुणी भिंतीला टेकून धापा टाकत होती. ती हसली. ओठांची एकच बाजू वर गेली.

साहेब आले. त्यांनी मधोमध खुर्ची मांडली. एकेकीने बसायचं, उठायचं, खिडकीपर्यंत चालून परत यायचं. बायकांनी जीव ओतला. शिंपीणबाई तर वाटेत दोनदा थांबून देवाचं नाव घेत होत्या.

शेवटी धाकटी बसली. तिला उठता येईना. साहेबांनी स्वतः हात दिला. खिडकीपर्यंत जाताना तिचा खांदा खिडकीलगतच्या दाराच्या चौकटीवर आपटला. तिने ती चौकट पाहिलीच नव्हती.

“यांना डॉक्टरांना दाखवलंय का?” साहेबांनी हळूच विचारलं.

बाईंनी हसू दाबलं. “वय झालं हो, साहेब. अशीच आहे ती.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मी शिफारस करतो. यांच्याकडे पाहून नाही कोण म्हणेल?”

त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. रस्त्यावर गाडी सुरू झाली, दूर गेली. मग खोलीत एकच हशा उसळला. काठ्या कोपऱ्यात पडल्या. पाठी सरळ झाल्या. शिंपीणबाईंनी तर एक गिरकी घेतली.

“सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही म्हणतात. आपण तेही आणलं!”

धाकटी मात्र खिडकीला धरून तशीच उभी होती. डावा हात लोंबत होता.

“संपलं गं नाटक,” बाई तिच्याकडे जात म्हणाल्या. “गेले ते. आता सरळ उभी राहा.”

शिंपीणबाईंची गिरकी अर्ध्यावर थांबली. “बाई,” त्या म्हणाल्या, “मी त्या दिवशी गेले होते तिच्याकडे. तिने दार उघडलं नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल.”

धाकटीने ताठ उभ्या राहिलेल्या बायकांकडे एकेक करून पाहिलं. मग तिने शब्द जुळवायला वेळ घेतला.

“कसलं नाटक, ताई? मला वाटलं, सगळ्यांनाच असं झालंय.”