पोटातले चुगलखोर

"अजून दुखतंय हो पोट!" गुरवकाकांनी पोट दाबत चेहरा असा काही पाडला, की बास!

त्यांचा अख्खा जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात आणि थांब्याथांब्यावर संडास शोधण्यात गेला. औषधं हरली, तेव्हा डॉक्टरांनी दुखणं मनाच्या ताणाचं ठरवलं आणि दर गुरुवारी या मॅडमकडे समुपदेशन सुरू झालं. आज दहावी, शेवटची भेट होती. खरं तर पोट केव्हाच शांत झालं होतं. पण तसं कबूल केलं तर गुरुवार बंद, आणि घरी बोलायला फक्त भिंती!

मॅडमनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. "काका, तुमच्या पोटातले जिवाणू वेगळंच सांगतायत हं. नुसत्या आपल्या गप्पांनी सुधारलेत! अगदी मजेत आहेत."

काकांनी पोटावरचा हात हळूच काढून घेतला.

"असणारच की, मॅडम. ते कोट्यवधी एकत्र राहतात."